अवघड समाकल दुहेरी करून सोडवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यापासून ऐरोली, वाशी, नेरुळपर्यंतच्या पट्ट्यातील प्रथम वर्ष अभियांत्रिकीचे आणि बी.एस्सी.चे विद्यार्थी सत्र परीक्षा जवळ आली की जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. उत्तरांत मात्र इंटिग्रलला समाकल आणि फंक्शनला फलन म्हटले आहे. चल राशी क्ष आणि य आहेत, घातासाठी ^ हे चिन्ह वापरले आहे, ई म्हणजे सुमारे २.७१८ ही संख्या, आणि लॉग म्हणजे सर्वत्र नैसर्गिक लॉगरिदम. समाकलाच्या मर्यादा चौकटी कंसात दिल्या आहेत.

१. सर, एकच इंटिग्रल सुटत नाही, तर त्याचे दोन केल्याने काम दुप्पट होणार नाही का?

लिहिण्याचे काम वाढते, पण अडचण बहुधा नाहीशी होते. एकेरी समाकल अडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: आतल्या फलनाचे प्रतिअवकलज (ज्याचे अवकलन केल्यावर ते फलन परत मिळते असे फलन) बहुपदी, घातांकी, लॉग आणि त्रिकोणमितीय फलनांच्या जुळणीत लिहिताच येत नाही. मात्र प्रतिअवकलज लिहिता येत नसले, तरी दोन ठरावीक मर्यादांमधील मूल्य अगदी साधे असू शकते. पुढील समाकल पाहा.

∫[० ते १] (क्ष^३ − क्ष)/लॉग(क्ष) डीक्ष

खंडशः समाकलन करून पाहिले किंवा लॉग(क्ष) साठी नवा चल घेतला, तरी छेदातील लॉग काही केल्या हलत नाही. आता क्ष स्थिर धरून क्ष^य या फलनाचे य च्या सापेक्ष १ ते ३ समाकलन करा. उत्तर नेमके (क्ष^३ − क्ष)/लॉग(क्ष) येते. म्हणजे तो त्रासदायक लॉग एका समाकलनातूनच जन्मला होता. ते समाकलन अजून केलेलेच नाही असे मानून आपण मूळ प्रश्न असा लिहितो:

∫[० ते १] ∫[१ ते ३] क्ष^य डीय डीक्ष

क्रम बदलून क्ष चे समाकलन आधी केले की आत १/(य + १) उरते, आणि त्याचे १ ते ३ समाकलन लॉग(४) − लॉग(२), म्हणजे लॉग(२) इतके येते. सगळा प्रश्न तीन ओळींत संपला. क्रम बदलण्याची परवानगी येथे का आहे, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

२. आत दुसरा इंटिग्रल लपलेला आहे हे ओळखायचे कसे? मला ते कधीच सुचत नाही.

सुचण्याची वाट पाहू नका, खुणा शोधा. सर्वांत ठळक खूण म्हणजे एकाच प्रकारच्या दोन पदांची वजाबाकी, ज्यात फक्त एक स्थिरांक बदललेला आहे, आणि खाली त्या बदलाशी नाते असलेला छेद. क्ष^३ − क्ष मध्ये घातांक ३ वरून १ झाला. ई^(−२क्ष) − ई^(−६क्ष) मध्ये गुणक बदलला. अशा वेळी त्या स्थिरांकाच्या जागी य हा चल बसवायचा, त्याच्या सापेक्ष अवकलन करायचे आणि छेद आपोआप जुळतो का ते पाहायचे.

दुसरी खूण म्हणजे एकटा उभा असलेला १/क्ष. क्ष धन असेल तर तो ∫[० ते ∞] ई^(−क्ष·य) डीय इतका असतो, आणि बाकीचे फलन साइन किंवा कोसाइन असेल तर ई^(−क्ष·य) सोबत त्याचे समाकलन आपल्याला पाठच असते. तिसरी खूण म्हणजे शून्यापाशी शून्य होणारे फलन: लॉग(१ + क्ष) हे ∫[० ते १] क्ष/(१ + क्ष·य) डीय असे लिहिता येते आणि टॅन व्यस्त (क्ष) हे ∫[० ते १] क्ष/(१ + क्ष^२·य^२) डीय असे. या दोन्ही ठिकाणी लॉग किंवा टॅन व्यस्त जाऊन त्याच्या जागी साधा भागाकार येतो, आणि भागाकाराचे आंशिक अपूर्णांक करता येतात. चौथी युक्ती पूर्ण वेगळी आहे, समाकलाचा वर्ग करण्याची. तिच्यासाठी प्रश्न ४ पाहा.

या चार खुणा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या, तर प्रथम वर्षाच्या पातळीवरचे बहुतेक प्रश्न त्यांतच बसतात.

३. क्रम बदलणे म्हणजे डीक्ष आणि डीय यांची अदलाबदलच ना?

मर्यादा स्थिर संख्या असतील, म्हणजे प्रदेश आयत असेल, तर होय. एरवी नाही, आणि परीक्षेतील बहुतेक गुण याच गैरसमजापायी जातात. वाशीच्या बाजार समितीत हापूसच्या पेट्यांची थप्पी मोजताना उभ्या रांगा मोजल्या काय किंवा आडवे थर मोजले काय, एकूण पेट्या तेवढ्याच भरतात. पण थप्पी वर निमुळती होत गेली असेल, तर थरातील पेट्यांची संख्या थरागणिक बदलते आणि मोजणाऱ्याला ती नव्याने पाहावी लागते. मर्यादांचे तेच आहे.

मुंबई विद्यापीठाच्या प्रथम वर्ष अभियांत्रिकीच्या गणितात ‘चेंज द ऑर्डर ऑफ इंटिग्रेशन’ म्हणून जो प्रकार येतो, त्याचा हा नमुना घ्या:

∫[० ते १] ∫[क्ष ते १] ई^(य^२) डीय डीक्ष

ई^(य^२) चे प्रतिअवकलज प्राथमिक फलनांत नाही, त्यामुळे दिलेल्या क्रमाने हा प्रश्न पहिल्याच पायरीला अडतो. प्रदेश काढून पाहिला तर (०, ०), (०, १) आणि (१, १) असे शिरोबिंदू असलेला त्रिकोण मिळतो. दिलेला क्रम त्याचे उभे पट्टे घेतो. आपण आडवे पट्टे घेतले, तर य ० पासून १ पर्यंत जातो आणि प्रत्येक पट्ट्यात क्ष ० पासून य पर्यंत. आत क्ष च्या सापेक्ष काहीच नसल्यामुळे आतील समाकल य·ई^(य^२) एवढाच येतो. तो नवा य हाच सगळा फायदा, कारण तो य^२ च्या अवकलजाचा अर्धा भाग आहे. उत्तर (ई − १)/२, म्हणजे सुमारे ०.८५९.

चूक झाली आहे का हे तपासण्याची एक झटपट खूण अशी की बाहेरील समाकलाच्या मर्यादांत चल राशी कधीही येता कामा नये. बाहेर ‘क्ष ते १’ लिहिलेले दिसले की आकृती न काढताच अदलाबदल केली आहे, हे तपासणाऱ्याला पहिल्या नजरेत कळते.

४. ई^(−क्ष^२) चा इंटिग्रल काढताना वर्ग का करतात? वर्ग करून आणखी अवघड होत नाही का?

या समाकलाला स म्हणू:

स = ∫[−∞ ते ∞] ई^(−क्ष^२) डीक्ष

निश्चित समाकलात चलाचे नाव काहीही ठेवले तरी मूल्य बदलत नाही, म्हणून स चा वर्ग करताना एका प्रतीत क्ष आणि दुसऱ्या प्रतीत य लिहिता येतो. दोन स्वतंत्र समाकलांचा गुणाकार हा संपूर्ण प्रतलावरील दुहेरी समाकल असतो आणि घातांकी फलनाचे घात बेरजेने जोडले जातात, म्हणून आत ई^(−(क्ष^२ + य^२)) येते. क्ष^२ + य^२ म्हणजे आरंभबिंदूपासूनच्या अंतराचा वर्ग. दोन सरळ रेषांवरून सुरू झालेला प्रश्न आता वर्तुळाकार सममितीचा झाला.

ध्रुवीय निर्देशकांत त्रिज्या र आणि कोन थीटा घेतल्यास क्षेत्राचा सूक्ष्म घटक र डीर डीथीटा असा असतो. हा जादा र अनेकांना निव्वळ नियम म्हणून पाठ असतो. या प्रश्नात सगळे काम तोच करतो. एकेरी समाकलात ई^(−क्ष^२) च्या सोबतीला क्ष नसल्यामुळे आपण अडलो होतो, आणि दुसरी मिती आणल्याबरोबर तो सोबती भूमितीनेच पुरवला. र·ई^(−र^२) चे ० ते ∞ समाकलन १/२ येते, कोनाचे समाकलन २ पाय येते, म्हणून स^२ = पाय. स धन आहे हे उघड असल्याने स = √पाय, म्हणजे सुमारे १.७७२५.

संख्याशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांनी प्रसामान्य वितरणाच्या सूत्रातील १/√(२ पाय) कुठून येतो हे विचारले होते. तो येथूनच येतो: ई^(−क्ष^२/२) खालचे एकूण क्षेत्रफळ √(२ पाय) असते आणि एकूण संभाव्यता १ व्हावी म्हणून त्याने भागावे लागते. या समाकलाचे मूल्य लाप्लास यांनी १७७४ मध्ये काढले होते. ध्रुवीय निर्देशकांची वरील रीत सहसा प्वासाँ यांच्या नावाने सांगितली जाते.

५. मर्यादा चौकोनाच्या होत्या, मग वर्तुळाच्या कशा झाल्या? हे फसवणे नाही का?

शंका रास्त आहे. उत्तरपत्रिकेत ही पायरी न लिहिता पुढे जाणारे पुष्कळ. क्ष आणि य दोन्ही −२ ते २ घेतले, तर प्रदेश चौरस असतो. त्याच्या आत २ त्रिज्येचे वर्तुळ बसते, आणि २√२ त्रिज्येचे वर्तुळ त्याला बाहेरून कवेत घेते. फलन सर्वत्र धन असल्यामुळे चौरसावरील मूल्य या दोन वर्तुळांवरील मूल्यांच्या मध्ये असलेच पाहिजे.

र त्रिज्येच्या वर्तुळावरील मूल्य पाय × (१ − ई^(−र^२)) येते. त्यामुळे खालची बाजू पाय × (१ − ई^(−४)), म्हणजे सुमारे ३.०८४, आणि वरची बाजू पाय × (१ − ई^(−८)), म्हणजे सुमारे ३.१४०५. वर्गमुळे घेतल्यास −२ ते २ मधील समाकल १.७५६ आणि १.७७२ यांच्या मध्ये सापडतो. त्याचे खरे मूल्य सुमारे १.७६४ आहे. २ च्या जागी मोठमोठ्या संख्या घेत गेल्यास दोन्ही बाजू पाय कडेच जातात आणि मधल्या चौरसाला दुसरीकडे जायला वाव उरत नाही. उत्तरात एवढा युक्तिवाद एका वाक्यात लिहिला तरी पुरतो.

६. मी बारावीत आहे, पोलर कोऑर्डिनेट्स झालेले नाहीत. तरी हा इंटिग्रल काढता येईल का?

येईल, आणि माझ्या मते ती रीत अधिक देखणी आहे. ० ते ∞ मधील समाकलाला अ म्हणा आणि अ^२ दुहेरी समाकल म्हणून लिहा. आतील समाकलात क्ष स्थिर धरून य = क्ष·ट हा बदल करा; डीय च्या जागी क्ष डीट येईल आणि मर्यादा ० ते ∞ च राहतील. आता

अ^२ = ∫[० ते ∞] ∫[० ते ∞] क्ष·ई^(−क्ष^२(१ + ट^२)) डीट डीक्ष

क्रम बदला. क्ष चे समाकलन १/(२(१ + ट^२)) देते आणि त्याचे ट च्या सापेक्ष ० ते ∞ समाकलन पाय/४ येते. म्हणून अ = √पाय/२. बारावीचे टॅन व्यस्त एवढेच येथे लागते, आणि चौरस-वर्तुळाचा प्रश्न उद्भवतच नाही. सोबतीचा क्ष या वेळी चलबदलातून आला, एवढाच प्रश्न ४ पेक्षा फरक.

७. मग ई^(−क्ष^३) लाही वर्ग करून चालेल का?

नाही. वर्ग केल्यावर घातांकात क्ष^३ + य^३ येते, आणि ते केवळ आरंभबिंदूपासूनच्या अंतरावर अवलंबून नसून दिशेवरही अवलंबून असते. ध्रुवीय निर्देशकांत गेल्यावर र चे समाकलन होते, पण कोनाचा जो समाकल मागे उरतो तो मूळ प्रश्नाहून सोपा नसतो. मुळात क्ष च्या आणि य च्या एकाच सतत फलनाचा गुणाकार केवळ क्ष^२ + य^२ वर अवलंबून असेल, तर ते फलन ई^(क·क्ष^२) चा एखादा पट असावे लागते, आणि त्याला अपवाद म्हणजे फक्त शून्य फलन. म्हणजे वर्ग करण्याची युक्ती ही एकाच कुटुंबासाठी घडलेली आहे, आणि तिला सर्वसाधारण रीत समजणे योग्य नाही.

० ते ∞ मधील ई^(−क्ष^३) साठी क्ष^३ = उ हा बदल करून गॅमा फलन वापरावे; मूल्य गॅमा(४/३), सुमारे ०.८९३. बीटा आणि गॅमा फलनांना जोडणारे जे सूत्र अभ्यासक्रमात आहे, त्याची सिद्धताही दोन समाकलांचा गुणाकार दुहेरी समाकल म्हणून लिहूनच होते.

८. डी.यू.आय.एस. आणि ही रीत यांत फरक काय? पेपरात कोणती वापरू?

डी.यू.आय.एस. म्हणजे समाकलाच्या चिन्हाखाली अवकलन करण्याची रीत. आतून दोन्ही एकच आहेत. प्रश्न १ मधील समाकलात ३ च्या जागी ब लिहून ब च्या सापेक्ष अवकलन केले, तर लॉग नाहीसा होऊन १/(ब + १) मिळते; परत समाकलन केल्यावर लॉग(ब + १) आणि एक अज्ञात स्थिरांक येतो; ब = १ घेतल्यास मूळ समाकल शून्य होतो, म्हणून स्थिरांक −लॉग(२). दुहेरी समाकलात हा स्थिरांक १ ते ३ या मर्यादांतच सामावलेला असतो, वेगळा शोधावा लागत नाही.

प्रश्नात ‘डी.यू.आय.एस. वापरून’ असे स्पष्ट लिहिले असेल तर अर्थातच तीच रीत लिहावी. निवड मोकळी असेल तर मी दुहेरी समाकल सुचवतो, कारण स्थिरांक विसरण्याची चूक त्यात होऊच शकत नाही. बरेच जण डी.यू.आय.एस.ला भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांची युक्ती म्हणतात. त्यांनी तिला लोकप्रिय केले हे खरे, पण नियम लाइबनित्स यांच्या नावाचा आहे आणि फाइनमन यांच्यापेक्षा कितीतरी जुना आहे.

९. क्रम कधीही बदलता येतो का? फुबिनीचे प्रमेय नेमके काय मागते?

वाटेल तेव्हा नाही. या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो सर्वांत कमी वेळा विचारला जातो.

परवानगी मिळण्याच्या तीन सोयीच्या परिस्थिती लक्षात ठेवाव्यात. प्रदेश मर्यादित व बंदिस्त आयत असेल आणि फलन त्याच्या कडांसह सर्वत्र सतत असेल, तर क्रम बेलाशक बदलावा. फलन कोठेही ऋण नसेल, तर प्रदेश अनंतापर्यंत पसरलेला असला किंवा फलन कोठे अमर्याद वाढत असले तरी क्रम बदलता येतो. दोन्ही क्रमांनी एकच उत्तर येते, किंवा दोन्ही क्रमांनी ते अनंत येते. हे तोनेली यांचे १९०९ चे प्रमेय. फलन धन आणि ऋण दोन्ही होत असेल, तर आधी त्याच्या केवल मूल्याचा दुहेरी समाकल काढावा. तो सांत असेल तर मूळ फलनाचा क्रम बदलता येतो. हे फुबिनी यांचे प्रमेय, १९०७ चे. व्यवहारात दोन्ही जोडीने वापरली जातात: केवल मूल्य ऋण नसते, म्हणून त्याच्यासाठी सोयीचा क्रम तोनेली देतात, आणि तेथे सांत उत्तर मिळाले की पुढचा रस्ता फुबिनी मोकळा करतात.

प्रश्न १ मधील क्ष^य त्या प्रदेशात धन आहे. प्रश्न ४ आणि ६ मध्येही सगळे धन आहे. म्हणून तेथे ‘फलन ऋण नाही, सबब क्रम बदलता येतो’ एवढे एक वाक्य पुरेसे होते.

१०. परवानगी न घेता क्रम बदलला तर खरेच उत्तर चुकते का, की हे फक्त थिअरीवाल्यांचे म्हणणे आहे?

खरेच चुकते. ० ते १ बाजूच्या एकक चौरसावर (क्ष^२ − य^२)/(क्ष^२ + य^२)^२ हे फलन घ्या. य/(क्ष^२ + य^२) याचे य च्या सापेक्ष अवकलज नेमके हेच फलन आहे, हे भागाकाराच्या नियमाने तपासून पाहा. म्हणून य चे समाकलन आधी केल्यास आत १/(१ + क्ष^२) उरते आणि अंतिम उत्तर पाय/४ येते. क्ष चे समाकलन आधी केल्यास, क्ष आणि य यांची अदलाबदल केली की फलनाचे चिन्ह उलटते त्यामुळे, उत्तर −पाय/४ येते. प्रत्येक पायरी बिनचूक असूनही उत्तरे विरुद्ध चिन्हांची आली.

दोष आरंभबिंदूपाशी आहे. ध्रुवीय निर्देशकांत फलन कॉस(२ थीटा)/र^२ असे होते. क्षेत्राच्या घटकातील र धरल्यावर केवल मूल्याच्या समाकलात १/र उरतो आणि शून्यापाशी त्याचा समाकल अनंत होतो. तेथे अनंत धन भाग आणि अनंत ऋण भाग समोरासमोर असतात, आणि कोणता भाग आधी मोजला यावर शिल्लक ठरते.

११. साइन क्ष भागिले क्ष चा इंटिग्रल सगळे जण क्रम बदलून पाय/२ काढतात. पण प्रश्न ९ प्रमाणे तिथे परवानगी नाही ना?

बरोबर, सरळ परवानगी नाही. रूढ मांडणी अशी: १/क्ष च्या जागी ∫[० ते ∞] ई^(−क्ष·य) डीय लिहायचे, क्रम बदलायचा, आतील ∫[० ते ∞] ई^(−क्ष·य) साइन(क्ष) डीक्ष हा १/(१ + य^२) येतो आणि शेवटी पाय/२. उत्तर खरे आहे, पण केवल मूल्य घेतल्यास य चे समाकलन |साइन क्ष|/क्ष देते आणि त्याचा ० ते ∞ समाकल अनंत आहे. फुबिनींची अट मोडते.

उपाय म्हणजे क्ष ला आधी ० ते म एवढ्यातच ठेवणे. तेथे केवल मूल्याचा समाकल म पेक्षा मोठा होत नाही, कारण |साइन क्ष|/क्ष कधी १ च्या वर जात नाही. आता क्रम निर्धास्तपणे बदलता येतो आणि आतील समाकल असा येतो:

[१ − ई^(−म·य)(कॉस म + य·साइन म)]/(१ + य^२)

पहिल्या पदाचे समाकलन पाय/२ देते. दुसऱ्या पदात कंसातील राशीचे केवल मूल्य १ + य हून अधिक नसते, आणि (१ + य)/(१ + य^२) ही राशी २ च्या आत राहते. म्हणून ते सारे पद २/म पेक्षा लहान असते. म अनंताकडे नेला की ते नाहीसे होते. आधी कापायचे, मग क्रम बदलायचा, मग सीमा घ्यायची, हा क्रम सशर्त अभिसारी (स्वतः सांत, पण केवल मूल्य घेतल्यास अनंत होणाऱ्या) समाकलांसाठी सवयीचा करून घ्यावा. प्रथम वर्षाच्या पेपरात एवढी काटेकोर मांडणी कोणी मागत नाही, बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात ती मागितली जाते.

१२. लॉग(१ + क्ष)/(१ + क्ष^२), ० ते १. दुहेरी केल्यावर तोच इंटिग्रल परत आला. कुठे चुकले?

कोठेही नाही, तो परत येणे हेच येथे उत्तर आहे. मूळ समाकलाला ज म्हणा. प्रश्न २ मधील तिसरी खूण वापरून आत क्ष/((१ + क्ष·य)(१ + क्ष^२)) येते. त्याचे आंशिक अपूर्णांक असे:

१/(१ + य^२) × [(क्ष + य)/(१ + क्ष^२) − य/(१ + क्ष·य)]

क्ष चे ० ते १ समाकलन केल्यावर कंसात लॉग(२)/२ + य·पाय/४ − लॉग(१ + य) उरते. आता य चे समाकलन करा. पहिले पद पाय·लॉग(२)/८ देते, दुसरेही तेवढेच देते, आणि तिसरे पद म्हणजे ऋण चिन्हासह पुन्हा ज, फक्त क्ष च्या जागी य. म्हणून २ज = पाय·लॉग(२)/४ आणि ज = पाय·लॉग(२)/८, सुमारे ०.२७२. हाच समाकल २००५ च्या पटनम या महाविद्यालयीन गणित स्पर्धेत विचारला गेला होता. तेथे क्ष = टॅन(थीटा) घेऊनही तो सुटतो, पण मला ही स्वतःकडेच परतणारी वाट जास्त आवडते.

१३. १ + १/४ + १/९ + … या मालिकेचा दुहेरी इंटिग्रलशी काय संबंध?

एकक चौरसावर १/(१ − क्ष·य) घ्या. त्याचा भूमितीय श्रेणीत विस्तार केल्यास १ + क्ष·य + (क्ष·य)^२ + … मिळते, आणि प्रत्येक पदाचे समाकलन अनुक्रमे १, १/४, १/९ देते. सगळी पदे धन असल्याने बेरीज आणि समाकलन यांची अदलाबदल तोनेलींच्याच न्यायाने चालते. य चे समाकलन आधी केले तर −लॉग(१ − क्ष)/क्ष मिळते, म्हणून ० ते १ मधील त्याचा समाकलही तीच बेरीज आहे: पाय^२/६, सुमारे १.६४४९. बेरीज ऑयलर यांनी १७३४–३५ च्या सुमारास शोधली. चौरस ४५ अंशांनी फिरवून हा दुहेरी समाकल थेट सोडवण्याची रीत टॉम अपोस्टल यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली.

१४. पेपरात किती पायऱ्या लिहायच्या?

प्रदेशाची आकृती, तिच्यावर नव्या पट्ट्याची दिशा दाखवणारा बाण, नव्या मर्यादा, आणि क्रम बदलण्याचे एका वाक्यातील कारण. आकृती पेन्सिलने काढलेली चालते, पण छेदनबिंदूंचे निर्देशक लिहिलेले हवेत.

१५. उत्तर बरोबर आहे का हे हॉलमध्ये कॅल्क्युलेटरवर तपासता येते का?

बऱ्याचदा येते. प्रश्न १ मधील फलन क्ष शून्याकडे जाताना ० आणि १ कडे जाताना २ होते (लोपिताल वापरून पाहा), आणि क्ष = ०.५ ला ते ०.३७५/०.६९३१, म्हणजे ०.५४१ आहे. सिम्पसनच्या नियमाने (० + ४ × ०.५४१ + २)/६ = ०.६९४. खरे उत्तर लॉग(२) = ०.६९३१. तीन बिंदूंत इतके जवळ येणे दर वेळी घडेलच असे नाही, तरी चिन्ह चुकले असेल किंवा एखादा २ गळाला असेल तर तो येथे पकडला जातो.

१६. (ई^(−२क्ष) − ई^(−६क्ष))/क्ष, ० ते ∞. मी दोन भाग वेगळे केले, पहिल्यात २क्ष = उ आणि दुसऱ्यात ६क्ष = उ घेतले. दोन्ही सारखे झाले आणि उत्तर शून्य आले. दुहेरी करून लॉग(३) येते. कोणते बरोबर?

लॉग(३), म्हणजे सुमारे १.०९८६. १/क्ष शून्यापाशी असल्यामुळे वेगळे केलेले दोन्ही समाकल अनंत आहेत, आणि अनंतातून अनंत वजा केल्यावर हाती आलेल्या शून्याला काही अर्थ नाही. वजाबाकी एकत्र असताना मात्र शून्यापाशी अंश आणि छेद दोन्ही शून्याकडे जातात आणि गुणोत्तर ४ वर थांबते, म्हणून मूळ प्रश्न निर्दोष आहे.

तुमचीच वाट सुधारूनही उत्तर मिळते. खालची मर्यादा ० ऐवजी लहान धन संख्या प घ्या. तुमचे चलबदल केल्यावर पहिला समाकल २प पासून आणि दुसरा ६प पासून सुरू होतो. दोन्हीत समान असलेला भाग कटतो आणि ∫[२प ते ६प] ई^(−उ)/उ डीउ एवढा उरतो. प शून्याकडे नेताना या छोट्या पट्ट्यात ई^(−उ) जवळजवळ १ असते, म्हणून उरलेला भाग लॉग(६प) − लॉग(२प), म्हणजे लॉग(३) कडे जातो. खालच्या मर्यादा ० लिहिल्यामुळे २प आणि ६प यांतील फरक तुमच्या मांडणीत दिसेनासा झाला होता.

दुहेरी समाकलात तोच भाग य च्या २ ते ६ या मर्यादांत सुरक्षित राहतो: आत ई^(−क्ष·य) असते, क्ष चे समाकलन १/य देते, आणि १/य चे २ ते ६ समाकलन लॉग(३) देते.